ढोरं राखायला जाशील

नाणे मावळातल्या आमच्या शाळेत गुरुजींकडे शिक्षेचे तीन प्रकार होते. छडी, कोंबडा आणि एक वाक्य. छडीचे वळ संध्याकाळपर्यंत जायचे, कोंबडा करून करून पायांना सवय झालेली. वाक्य मात्र टिकायचं. "लेका, ढोरं राखायला जाशील!" वर्गातली निम्मी पोरं शाळा सुटली की खरोखरच ढोरं राखायला जायची. यात धमकी कुठली, हे त्यांना कळायचं नाही. मला कळायची, कारण आमच्याकडे ढोरं नव्हती.

*

भाचीचा तळेगावहून फोन. बारावी झाली आहे. "मामा, मला प्राण्यांसोबत काम करायचंय. करिअर म्हणून." मागून बहिणीचा आवाज: "अरे, तू तरी सांग तिला. एवढं शिकवलं ते काय ढोरं राखायला?" पन्नास वर्षांनी तेच वाक्य, तेही माझ्याच बहिणीच्या तोंडून. गुरुजी असते तर खूश झाले असते.

मला विचारलं, कारण घराण्यात जनावरांशी संबंध आलेला मी एकटाच. म्हणजे काय, तर मी बँकेत होतो आणि मावळातल्या म्हशींना कर्जं दिली. सल्ला देण्याइतकं मला काही ठाऊक नाही. वही मात्र आहे. दिसेल ते टिपून ठेवतो, पोरगी वाचेल.

*

कर्ज माणसाला, पण पाहणी म्हशीची. दात बघायचे: दोन दात, चार दात, सहा दात, मग जुळली. कास बघायची, चारही सड दाबून बघायचे. दूध समोर काढून घ्यायचं आणि एका वेळचं बघून भुलायचं नाही. विकणारा सकाळी धार काढत नाही, दूध तुंबवून ठेवतो, आणि संध्याकाळी बँकेच्या साहेबासमोर बादली फेसानं भरते. म्हणून सलग दोन वेळा थांबायचं. ही अक्कल मला कुठल्याही परिपत्रकातून आली नाही. कामशेतच्या बाजारात एका दलालानं चहा पाजून शिकवली. वर म्हणाला, "सायेब, हे शिकवलं म्हणून माझंच नुसकान हाय."

फॉर्मवर रकाना होता: 'व्यवसाय'. शेतकरी सांगायचा, "लिवा शेती." म्हशी दहा, शेत दीड एकर, घर चालतं दुधावर, पण व्यवसाय शेती. जनावरं पाळणं हा धंदा असतो, असं कुणाच्या तोंडून येतच नसे. ते श्वास घेण्यासारखं. रकान्यात कोण लिहितं?

*

हे लिहू की नको, असं चाललं होतं. लिहितो.

कर्जाच्या म्हशीचा विमा उतरवत असू. कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, तो नंबर कागदावर. जनावर दगावलं तर पंचनामा, डॉक्टरचा शवविच्छेदनाचा दाखला आणि बिल्ला. बिल्ला नाही तर भरपाई नाही. बिल्ला ताज्या कानातून सहजी निघत नाही, म्हणून लोक कानच कापून आणत.

एका श्रावणात, बाहेर पाऊस धो धो, पवन मावळातला एक म्हातारा शाखेत आला. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "कान आणलाय." पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेला काळा कान, आतली बाजू गुलाबी, केसांवर पाण्याचे थेंब. पत्र्याच्या बिल्ल्यावर शेण वाळलेलं. रुमालानं पुसून नंबर वाचला. कागदावरच्या नंबरात शेवटी १ होता. बिल्ल्यावर ७.

विमा कंपनीनं दावा फेटाळला. त्यांच्या दृष्टीनं ती म्हैस वेगळीच होती. कागदावरचा आकडा माझ्या हातचा होता. दोन वर्षांपूर्वी, गोठ्यात, टॉर्चच्या उजेडात, म्हैस मान हलवत असताना लिहिलेला. मी पत्रं लिहिली, वर फोन केले, काही झालं नाही. म्हाताऱ्यानं मेलेल्या म्हशीचे हप्ते भरले. दर महिन्याला खिडकीशी यायचा आणि मला रामराम करायचा. एकदा तरी शिवी द्यायची होती त्यानं.

*

भाचीसाठी कोरडी माहिती, एकदाच.

जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर. राज्यातली सरकारी महाविद्यालयं नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ २००० सालचं. आपल्याला जवळचं म्हणजे खंबाटकीच्या अलीकडचं शिरवळ. सगळ्यात जुनं मुंबईत परळला, १८८६ सालचं. त्या काळी डॉक्टर लागत ते मुख्यतः घोड्यांना, कारण ट्राम घोड्यांची, पलटण घोड्यांची. आज परळला कुत्री-मांजरी घेऊन आलेल्यांची रांग असते. शहर बदललं की रोगी बदलतो.

'नीट'च्या रांगेत ही शाखा बहुतेकांना एमबीबीएस हुकल्यावर दिसते. आपली पोरगी ती पहिली म्हणून मागते आहे. क्लासवाल्यांना पटत नाही म्हणे. "एवढे मार्क पडले तर डेंटल मिळेल की!"

पदविका करून पशुधन पर्यवेक्षक होता येतं. लोक त्यालाही डॉक्टरच म्हणतात. गावात जो येतो तो डॉक्टर.

*

मे अखेर. ओळखीच्या पशुधन पर्यवेक्षकांबरोबर भाचीला अंदर मावळात पाठवलं. मीही मागे बसलो, वहीला निमित्त. टाकवे बुद्रुक सोडलं की रस्ता ठोकरवाडी धरणाच्या कडेकडेनं जातो. मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधलेली, पेटीत घटसर्पाची लस. पाऊस पडायच्या आत टोचायची, कारण घटसर्प पहिल्या पावसाबरोबर येतो. आधी ताप, मग गळा सुजतो, श्वासाची घरघर वाड्याच्या दारापर्यंत ऐकू येते. बऱ्याचदा दुसरा दिवस उजाडत नाही. म्हशींना जास्त. जोडीला फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे आणि मावळातला मे महिना काही त्या अंशांत बसत नाही. म्हणून साहेब चहाला थांबत नाहीत. थांबलेच तर पेटी आधी सावलीत, मग स्वतः.

एका वाडीत खोडा मोडलेला. मग प्रत्येक जनावर हातानं धरायचं. एकानं वेसण, एकानं शेपूट, तिसऱ्यानं मानेजवळची कातडी चिमटीत उचलून सुई. भाचीला शेपूट मिळाली. तिसऱ्या म्हशीनं तिला कोपरापासून खाली रंगवलं. पोरगी हसली. मग पुढची आली, मग पुढची. दुपारी एकला हसू संपलं होतं, शेपूट सोडलेली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरलं.

परतताना तिनं विचारलं, "आज किती झाली?" साहेब म्हणाले, "मोजली नाहीत. राहिलेली मोजलीत." मग बोट करून डोंगरातल्या दोन वाड्या दाखवल्या. तिथं गाडी जात नाही.

*

आडवं आलेलं वासरू फिरवायला किंवा अडकलेली वार काढायला गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. संसर्गजन्य गर्भपाताची गाय असेल तर तो आजार हातातून माणसात येतो. ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात. कित्येक जुन्या डॉक्टरांना तो होऊन गेला आहे आणि ते तो पदकासारखा सांगतात. पदक नाही, हातमोजे न घातल्याचा दंड आहे. रेबीजची लस कुत्रा चावल्यावर घेतात, हे सर्वांना ठाऊक. या कामात पडणाऱ्यानं ती आधीच टोचून घ्यायची असते, हे किती जणांना ठाऊक असेल? पोरीला टोचून आणली. बहीण म्हणाली, "अजून कुत्रा चावलाही नाही!"

*

राजमाचीच्या वाटेवर, लोणावळ्यापासून आत, गवळी धनगराचं एक घर. म्हशी, दोन कुत्री, ओसरीवर खव्याची कढई पालथी घातलेली. घरातला बाप्या साठीचा असावा. भाचीनं मुलाखतीच्या थाटात विचारलं, "काका, तुम्हाला हे काम आवडतं का?"

त्याला प्रश्नच लागला नाही. "कुनाला? मला?" मग विचार करून म्हणाला, "म्हशीला इचारा."

भाची हसली, मीही. तो हसला नाही. खरंच म्हणत होता. म्हैस वेळेवर पान्हा सोडते, उन्हाळ्यात डोंगर उतरत नाही, परक्या माणसाच्या हाताला दूध देत नाही. तिला तो चालतो, म्हणजे काम बरं चाललं आहे. आपल्याला आवडतं का, हे त्यानं कधी मोजलेलं नव्हतं.

त्याचा मुलगा लोणावळ्याच्या हॉटेलात आहे. तिथं मात्र त्याचं काम लोकांना आवडलं का, हे रोज गिऱ्हाइकांना विचारून घेतात.

*

आमच्या नाणोलीला घोड्यांचा स्टड फार्म आहे. लहानपणी त्या कुंपणाशी उभं राहायचं आणि आतली चकाकती जनावरं बघायची, हा सुट्टीचा कार्यक्रम. शर्यतीच्या घोड्यांचं एक गंमतीचं आहे. जन्म मार्चमधला असो की एप्रिलमधला, वय सगळ्यांचं १ जानेवारीला वाढतं. घोडी अकरा महिने गाभण राहते. त्यामुळे सगळी आखणी अशी की शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला यावं. डिसेंबरअखेर जन्मलं तर चार दिवसांत एक वर्षाचं! कागदावर.

या धंद्यात मराठीला जुने शब्द आहेत. मोतद्दार, नालबंद, खरारा, तोबरा. मोतद्दार घोड्याजवळच झोपायचा. मालकाचं नाव वर्तमानपत्रात, जॉकीचा फोटो, मोतद्दार फोटोत लगाम धरलेला, कडेला, अर्धा कापलेला. भाचीला सांगितलं, फोटो पाहिलास तर कडेचा हात बघ.

*

बैलगाडा. यावर मावळात दोन माणसांत तीन मतं.

७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली. १८ मे २०२३ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या साडेसात वर्षांत माझ्या ओळखीच्या एका माणसानं चार खिलार बैल नुसते पाळले. नांगराला लावायचे नाहीत, गाड्याला जुंपता येत नाहीत, विकवत नाहीत. रोज पेंड, उडदाचं भरड, अंडी, अंघोळ, चालवणं. सून म्हणायची, "आमच्या पोरांना एवढी अंडी मिळाली असती तर!"

मी शर्यतीच्या घाटावर जातो. बारी सुटते, पुढं घोडी पळते, सेकंदांवर निकाल लागतो, भंडारा उडतो. अंगावर काटा येतो, हे खरं. शेपूट पिरगळलेली आणि टोचणी मारलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, तेही खरं. हल्ली कमी दिसते, कारण कॅमेरे लागले. बैलावर जीव आहे असं म्हणणारा खोटं बोलत नाही. पण जीव असणं आणि त्याचं बरं बघणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीची गरज लागतेच असं नाही. अंदर मावळातले साहेब कुठल्याही म्हशीवर जीव वगैरे लावत नाहीत. लस मात्र थंड ठेवतात.

*

जून लागला. लोणावळ्यात साप निघायला लागले. खरं तर लोणावळाच सापांच्या जागेत निघालं आहे. तुंगार्ली, वलवणकडे बंगले वाढले. बिळांत पाणी शिरतं आणि धामण जनरेटरच्या खोलीत कोरडी जागा शोधते. बंगला शनिवार-रविवारचा, साप आठवडाभराचा.

फोन जातो सर्पमित्राला. मावळात वन्यजीव रक्षक मावळ ही संस्था आहे, शिवाय एकेकटे आहेत. दिवसा कुणी रिक्षा चालवतो, कुणी कंपनीत शिफ्ट करतो. रात्री दोनला फोन आला की भिजत जायचं. साप धरायचा, मग बघ्यांना समजावायचं. दुसरं अवघड. धामण आहे हे सांगून पटत नाही, लोकांना नागच हवा असतो. पेट्रोलचे पैसे मागितले तर "समाजसेवा ना ही?" २०२५मध्ये सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा सरकारी पातळीवर झाली. घोषणा झाली म्हणजे निदान कुणाच्या तरी लक्षात आलं.

मला आठवतात ते नीलिमकुमार खैरे. १९८०मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. आम्ही पोरंटोरं वर्तमानपत्रातला फोटो बघून थक्क. त्यातून त्यांना दाखवायचं होतं की साप उगाच चावत नाही. पण पोरांनी अर्थ घेतला तो शौर्याचा, आणि कित्येकांनी साप गळ्यात घालायला सुरुवात केली. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ला झालं. सापाला पिंजऱ्यापलीकडून निवांत बघता येतं, ही सोय पुण्याला त्यानं दिली. आजही कित्येक सर्पमित्र दगावतात ते धरताना नव्हे, धरल्यानंतर, मोबाइलसमोर. भाचीनं व्हिडिओ पाठवला होता: "मामा, कसला भारी!" तिला उलट लिहिलं: "भारी ते, जे पिशवीत गेले आणि ज्यांचा व्हिडिओ नाही."

*

सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला विष अगदी थोडं थोडं, वाढवत टोचायचं. त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो वेगळा काढायचा. हाफकिनचं हे काम मावळाच्या वेशीवर पिंपरीत चालतं. भातलावणीत घोणस चावलेल्या बाईच्या हाताला जी बाटली लावतात, तिच्यामागे एक घोडा उभा असतो आणि त्याला खरारा करणारा एक माणूस. तोही 'प्राण्यांसोबत काम' करतो. त्याला कुणी प्राणिमित्र म्हणत नाही.

हे औषध चौघांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घाटातल्या कारवीत बसणारा हिरवा चापडा त्या चौघांत नाही. पावसाळी भटक्यांनी फांदी धरण्याआधी बघावं.

*

खंडाळ्याच्या घाटात माकडांना चिक्की, वेफर, शीतपेय. एकाला मी झाकण फिरवून बाटली उघडताना पाहिलं. मग ते गाडीत शिरतं, पोराला ओरबाडतं, आणि लोक म्हणतात माजलीत. खायला घालणं म्हणजे प्रेम, ही समजूत कुणी आणि केव्हा घातली?

*

सुदुंबरे. संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीमुळे ऐकलेलं गाव. आता तिथंच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे आणि तिच्याजवळ श्वानपथक. ३० जुलै २०१४ला आंबेगावातल्या माळीणवर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा याच बटालियनची माणसं चिखलात होती.

शोधाच्या कुत्र्याला आपण माणसं वाचवतो आहोत, हे ठाऊक नसतं. त्याला खेळ ठाऊक असतो: दबलेल्या माणसाचा वास काढ, भुंक, चेंडू मिळेल. सगळं शिक्षण त्या चेंडूवर. आणि जिथं जिवंत कुणी उरलेलंच नसतं तिथं कुत्रं खचतं, वास घेणं टाकतं. म्हणून पथकातलाच एखादा जण ढिगाऱ्याआड लपून बसतो. कुत्रं त्याला शोधतं, शेपूट हलवतं, चेंडू मिळवतं आणि पुन्हा कामाला लागतं.

हे वाचल्यापासून तो लपून बसणारा माणूस डोक्यातून जात नाही. भोवती तेवढं सगळं, आणि तो कुत्र्यासाठी जिवंत सापडायचं नाटक करतो.

*

मारुती चितमपल्लींची नेमणूक काही काळ आमच्या वडगाव मावळात होती, हे सांगितलं की तरुण पोरं विचारतात, "कोण?" वनखात्यात छत्तीस वर्षं. सोलापूरच्या तेलुगूभाषक घरातला माणूस, कोइमतूरला वनशिक्षण घेतलं. २०२५मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला गेले.

वनाधिकारी म्हणजे फायली, तोडीचे हिशेब, सरकारी जीप. तेच काम करणारे तेव्हा शेकड्यांनी असतील. यांच्या खिशात वही होती. गुराख्याला, कातकऱ्याला, फासेपारध्याला ते पक्ष्याचं नाव विचारत आणि लिहून घेत. कावळे जिथं जमून घरटी करतात त्याला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, असे शब्द मराठीला त्यांच्यामुळे मिळाले. पक्षिकोश झाला. त्यातली कितीतरी नावं मुळात ढोरं राखणाऱ्यांची आहेत. गुरुजींना हे सांगायला हवं होतं.

*

उरुळी कांचन मावळात नाही, पुण्याच्या पलीकडे आहे, पण त्याशिवाय ही वही पुरी होत नाही. १९४६ला गांधीजी तिथं निसर्गोपचारासाठी राहिले आणि मणिभाई देसाई नावाचा गुजराती तरुण मागे राहिला तो कायमचा. गोपालनातलं त्याला काही येत नव्हतं. पुस्तकं वाचत, चुकत शिकला, गीर गाईंचा कळप उभा केला. १९६७ला 'बाएफ' ही संस्था काढली. १९८२ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मणिभाईंची खरी युक्ती अशी की वळू शेतकऱ्याच्या दारात नेला, पण मोटारसायकलवर, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये, गोठवलेल्या वीर्याच्या एका कांडीत. आणि ती कांडी भरायला दहावी-बारावीची गावातलीच पोरं शिकवून तयार केली. माजाची गाय थांबत नाही. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळपर्यंत माणूस यायला हवा. रविवार नाही, लग्नाची तिथी नाही. बँकेत अशा एका मुलाचं मोटारसायकलचं कर्ज मी केलं होतं. रकान्यात त्यानं 'व्यवसाय: रेतन' असं लिहिलं. वरिष्ठांनी लाल शाईनं खोडून 'सेवा' केलं. मला 'रेतन'च आवडलं होतं. नेमकं होतं.

*

बंगलेवाल्यांनी सोडलेली कुत्री. पावसाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याच्या कडेला गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, चिखलात लडबडलेली, गाडी थांबली की दाराशी पळत येतात. भाचीला त्यातलंच एक घरी आणायचं होतं. बहिणीनं उंबऱ्यात काठी आडवी धरली. शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्यानं ठेवलं. आता हस्की लिफ्टखाली गार फरशीवर झोपतं, अंगाला ऑइल.

*

"पगार किती?" हा प्रश्न बहिणीचा. रास्त आहे. सरकारी नोकरी लागली तर बरं चालतं, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकला तर त्याहून बरं, संस्थांमध्ये कमी, आणि गोठ्यात काम करणाऱ्याला सगळ्यात कमी, जरी जनावराजवळ सगळ्यात जास्त वेळ तोच असतो. जितकं जवळ, तितकं थोडं. भाचीला हे लपवलं नाही. ती म्हणाली, "मग दोन्ही करते. डॉक्टर होते आणि जवळही राहते." अठराव्या वर्षी सगळं दोन्ही करता येतं.

*

'नीट'चा निकाल लागला. शिरवळला थोडक्यात हुकलं. पुन्हा बसणार म्हणते. डेंटल मिळत होतं, घेतलं नाही. बहीण माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. तोवर कामशेतच्या एका डॉक्टरांकडे सकाळी जाते. बाटल्या धुते, नोंदी लिहिते, दोर धरते. पगार नाही, पेट्रोल मिळतं.

*

ऑगस्ट, दिवेलागण. पाऊस थांबून गटारं वाहत होती. भाची दारात आली, आत येईना. बूट, पँट, हात, सगळं माखलेलं. पायरीवरच बसली. नाणे मावळात एका गाईला पोटफुगी. कोवळ्या ओल्या चाऱ्यावर सुटली होती. हे लोक पोहोचले तेव्हा डावी भकाळी ढोलासारखी ताणलेली. डॉक्टरांनी नळी घातली, वारा निघाला, गाय क्षणभर उभीही राहिली. मग बसली ती बसलीच.

मी चहा आणून दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला.

"दाखल्यावर बिल्ल्याचा नंबर मला लिहायला सांगितला," ती म्हणाली. हल्लीचा बिल्ला पिवळा, प्लॅस्टिकचा, बारा आकडी. "ती पडलेली होती ना, कान खाली आलेला. मी मान उचलून वाचला. तीनदा वाचला. आता जातच नाही डोक्यातून. पाठ झालाय."

"म्हण," मी म्हणालो.

ती सावकाश म्हणत गेली. माझा हात कधी वहीकडे गेला ते कळलं नाही. बारावा आकडा लिहून झाला तशी मी मान वर केली.

"शेवटचा एक की सात?"

"सात," ती म्हणाली. "नखानं शेण काढून बघितला."